धाकल्याचा वाटा

माळशेज घाटातलं शेवटचं वळण संपलं, गाडी पठारावर आली आणि मी ओरडलो, "थांबव, थांबव!" मुग्धाने घाबरून ब्रेक मारला. मागून येणाऱ्या टेंपोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला त्याचा राग आला नाही. त्या सातांपैकी पलीकडच्या पिढ्या आम्हाला ठाऊकच नव्हत्या, आणि त्याच शोधायला तर आम्ही बापलेक बडोद्याहून इथवर आलो होतो.

उतरलो. चैत्राचं ऊन चढलं होतं, पण वारा असा भन्नाट की टोपी एका हाताने धरून ठेवावी लागली. खाली कोकण धुरकट दिसत होतं. या कड्यांमधल्याच कुठल्यातरी वाटेने माझे पणजोबा भिवबा इंग्रजांच्या अमदानीत बायको-पोरांना घेऊन खाली उतरले होते. आणि आज त्यांचा पणतू गुडघ्याला पट्टा बांधून, मोटारीत बसून वर आला होता. माझ्या अंगावर काटा आला. मुग्धा म्हणाली, "बाबा, आपण अजून कुठेही पोचलेलो नाही. रडायचं असेल तर पोचल्यावर रडा."

भिवबांबद्दल आमच्या घरात जी माहिती आहे, ती एका पोस्टकार्डावर मावेल. जात धनगराची, घरी मेंढरं. तरुणपणी कुणा साधूच्या नादाने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण, दारू, तंबाखू, तमाशा सगळं एका दिवसात सोडलं. तेवढ्यावर थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण देवापुढे बोकड कापायचा नाही, असंही त्यांनी भावकीला सुनावलं. थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं, भावाने घराबाहेर काढलं, आणि हे घाट उतरून, मेंढरं विकून, मजल-दरमजल करत बडोद्याला पोचले. तिथे घोंगड्या विणून पोट भरलं. घाटावरून आलेले म्हणून लोक 'घाटे' म्हणू लागले आणि मूळचं आडनाव कायमचं पुसलं गेलं. माणूस असा कडक की एकादशीला घरात कुणी मोठ्याने हसलेलं चालत नसे. त्यांच्या धाकाने आमच्याकडे परवापरवापर्यंत कांदासुद्धा मागच्या दाराने यायचा.

एरवी मी या भानगडीत पडलो नसतो. पण मुग्धाचं लग्न वैशाखात ठरलं आणि पत्रिकेचा नमुना घरी आला. वर कुलदैवताचं नाव घालतात ती ओळ छापखान्याने कोरी सोडली होती आणि पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते माझ्या वडिलांनी, नानांनी, पाहिलं. नाना अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग म्हणाले, "पहिली पत्रिका कुलदैवताला द्यायची असते. आपण आजवर कुणाला दिली? कपाटावरच्या गणपतीला. वशा, तू जा. देव सापडला तर त्याला एवढंच विचार, आम्हाला टाकलंय, की अजून धरलंय?"

शोधायला हाताशी दोनच धागे होते. एक म्हणजे भिवबांचं वाक्य, 'आपला देव कड्याच्या टोकाला आहे आणि त्याचं तोंड कोकणाकडे आहे.' दुसरा म्हणजे आमचा कणकेचा बोकड. चैत्री पुनवेला आमच्याकडे कणीक-गुळाचा बोकड करतात, डोळ्यांच्या जागी लवंगा टोचतात, खरपूस भाजतात आणि सुरीने कापून वाटे घालतात. घरात जितकी माणसं तितके वाटे, शिवाय एक 'थोरल्याचा'. थोरला म्हणजे देवच, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. तो वाटा गाईला जायचा. नाना म्हणाले, "पुनवेलाच तिथे असा. आपला बोकड त्या दिवशी असतो, म्हणजे तिकडच्या भावकीचाही असणार." हा तर्क बिनतोड होता.

पहिला दिवस वाया गेला. भिवबांची बहीण आंबेगावला दिली होती, असं ऐन निघताना नानांना अंधुक आठवलं, म्हणून आधी घोडेगाव गाठलं (आंबेगाव तालुक्याची कचेरी इथे आहे) आणि तिथून डिंभे धरणाच्या काठाने गेलो. पाण्याशी एक माणूस जाळं सोडवत बसला होता. त्याला विचारलं, "जुनं आंबेगाव कुठे हो?"

त्याने मान न उचलता पाण्याकडे बोट केलं. "त्ये काय तिथं. खाली हाय. पाणी हटलं का दिसतं जरासं."

"आणि तिथली माणसं?"

"पांगली, पावणं. तुमचं कोन व्हतं का?"

मी म्हणालो, "पणजोबांची बहीण." तेव्हा त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि आम्हाला जांभळाच्या सावलीत बसायला जागा करून दिली. समोर निळंशार पाणी, पलीकडे डोंगर, इतका सुंदर देखावा, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. आमचं गावही असंच कशाखाली गेलं असेल तर? नानांना जाऊन काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आळेफाट्याला मिसळ खाल्ली आणि जीव परत आला. ही मिसळ नाकातून, डोळ्यांतून, कानांतून एकदमच बोलते. हॉटेलमालक गल्ल्यावरून आमची अवस्था कौतुकाने पाहत होता. मी डोळे पुसत त्याला सगळी कथा सांगितली. कोकणाकडे तोंड केलेला देव त्याला ठाऊक नव्हता, पण अक्कल मात्र त्याने लाखमोलाची दिली. "भाऊ, देवळात इचारू नका. देवळातल्याला आपलाच देव म्हाईत असतो. आज बेल्ह्याचा बाजार हाय. रानोमाळ फिरनारं मेंढकं (मेंढपाळ) तिथं घावंल, त्येला इचारा."

बेल्ह्याचा बाजार पाहून मी हरखून गेलो. शिंगं रंगवलेले बैल, म्हशी, शेळ्यामेंढ्या, टेंपोतून उतरणारी जनावरं, मोटारसायकलवर मांडीत कोकरू घेऊन बसलेले बाप्ये, भेळेच्या गाड्या, धूळ आणि सगळ्यांवर पसरलेला शेणाचा तो खमंग वास. एका झाडाखाली लाल मुंडासं बांधलेले एक म्हातारे धनगर उभे होते. जवळ एक काळाभोर बोकड, कपाळावर पांढरा टिळा. त्यांचं नाव गेनूबाबा.

"रामराम," मी म्हणालो. "आम्ही बडोद्याहून आलो. देवाच्या बोकडाबद्दल विचारायचं होतं."

वाक्य जरा चुकीच्या टोकाने सुरू झालं, हे मला आता कळतं. गेनूबाबांचे डोळे लकाकले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली माझा हात हातात घेतला. मला वाटलं, केवढा हा जिव्हाळा! आमच्या बडोद्यात अनोळखी माणूस असा हात धरत नाही. मी गहिवरून त्यांची पाचही बोटं घट्ट दाबली. भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "पावणं दिलदार हाईत राव! घासाघीस न्हाई, काय न्हाई." पुढच्या क्षणी बोकडाचं दावं माझ्या हातात होतं.

गुरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, हे मी ऐकून होतो. पण ऐकलेलं ऐन वेळेला आठवत नाही. मी गेनूबाबांना समजावू लागलो. ते शांतपणे म्हणाले, "हात दिला म्हंजी शबूद दिला, पावणं. शबूद परत घ्येत न्हाईत." शेजारी उभा असलेला मटणाच्या हॉटेलचा माणूस बोकड लगेच घ्यायला तयार होता. पण मुग्धाने एव्हाना त्याच्या कपाळावरचा टिळा कुरवाळायला सुरुवात केली होती. "बाबा, माळकऱ्याच्या घरातून बोकड खाटकाकडे जाणार? भिवबा वर बसून काय म्हणतील?"

भिवबा काय म्हणाले असते याचा मला चांगला अंदाज होता. मी पैसे दिले.

पण सौदा झाल्यावर गेनूबाबा मोकळे झाले. माझा प्रश्न त्यांनी नीट ऐकून घेतला आणि हसले. "कोकनाकडं तोंड? आरं, त्यो कड्यावरला बिरोबा! घाटघरच्या अंगाला हाय. बाकी समद्या देवांचं तोंड उगवतीला, ह्येचं मावळतीला. आमचं पावणं हाईत तिकडं. उद्याच जत्रा हाय त्येची."

मग मी भर बाजारात, हातात बोकडाचं दावं धरून, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी उडी मारली. गुडघ्याने लगेच तक्रार नोंदवली. बोकडानेही.

जुन्नरच्या लॉजवाल्याने आम्हाला पाहिलं आणि बोकडाला पाहिलं, आणि दोघांना वेगवेगळ्या जागा दिल्या. सकाळी निघालो तेव्हा बोकड मागच्या सीटवर, सतरंजीवर, एखाद्या व्याह्यासारखा पाय दुमडून बसला होता. घाटघरचा रस्ता डोंगरात शिरतो. भातखाचरं कापून कोरडी पडलेली, मधूनच करवंदांच्या जाळ्या, समोर जीवधनचा किल्ला. मी दर वळणाला खिडकीबाहेर डोकं काढत होतो, आणि त्या नादात मागे काय चाललंय याकडे लक्ष गेलं नाही. मुग्धाने आरशात पाहिलं आणि किंचाळली. सीटवर ठेवलेला पत्रिकेचा नमुना बोकडाने तोंडात धरला होता. सुरुवात वरच्या कोऱ्या ओळीपासूनच केली होती. वधूचं नाव, वराचं नाव, मुहूर्त, सगळं त्याने डोळे मिटून, चवीने संपवलं.

रस्ता जिथे संपला तिथून पुढे पायवाट. वाऱ्यावर ढोलाचा आवाज येत होता. टेकाड चढून वर आलो, आणि समोर कडा एकदम तुटलेला, पुढे नुसतं आभाळ. टोकाशी दगडी जोत्यावर, ना घुमट ना भिंती, उघड्यावर शेंदूर लावलेला एक उभा दगड. त्याचं तोंड कोकणाकडे. भिवबांनी सांगितलं होतं अगदी तसं. मी चपला काढल्या, आणि त्या कुठे काढल्या हे नंतर कितीतरी वेळ आठवलं नाही.

पण मला नमस्कारही करू दिला नाही. "नवसाचा बोकड आला!" कुणीतरी आरोळी दिली आणि ढोल दुप्पट जोराने वाजू लागले. पोरं धावत आली. पुजारी सखाराम, पन्नाशीचा उंच गडी, त्याने बोकडाच्या कपाळावर भंडारा लावला आणि दावं धरून ओढू लागला. मुग्धाने दुसरं टोक सोडलं नाही. "याला कापायचं नाही!"

ढोल थांबले. एक म्हातारा विचारात पडला. "मंग आनलाय कशाला? जत्रा दावायला?"

सगळे हसले, मीही हसलो. पण शंभर वर्षांपूर्वी याच जागी 'कापायचं नाही' यावरूनच भांडण झालं होतं. भिवबांची खापरपणती तेच वाक्य बोलून उभी होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आपण आता दुसऱ्यांदा हाकलले जाणार, असं मला खरोखर वाटलं.

सखारामने डोकं खाजवलं. "आमच्या आयला इचारा. वाटं तीच घालती."

हौसाबाई चुलीजवळ बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, हातभर गोंदण, पुढ्यात पळसाची पानं मांडून वाटे घालत होत्या. मी हात जोडले. "आजी, आमच्या घरात बोकड कापत नाहीत. हा चुकून घेतला गेला. आम्ही कणकेचा कापतो."

"कनकंचा?" त्या हसल्या. "आन् त्येचं वाटं पाडता?"

"हो. घरात जितकी माणसं तितके. आणि एक थोरल्याचा."

त्यांचा हात पळीवरच थांबला. "थोरल्याचा वाटा कोन खातं?"

"कुणीच नाही. गाईला घालतो."

"कुठलं गाव तुमचं?"

"बडोदं. पणजोबा इथून गेले. भिवबा नाव होतं."

हौसाबाईंनी पळी पातेल्यात टाकली. माझं मनगट धरून उठल्या आणि मला कड्याच्या टोकाकडे ओढत घेऊन गेल्या. देवाच्या डाव्या अंगाला एक सपाट दगड होता. त्यावर पळसाचं पान, पानावर पान झाकलेलं, वर वाऱ्याने उडू नये म्हणून खडा. त्यांनी खडा काढला. नाचणीची भाकरी, गुळाचा खडा, द्रोणात आंबील (नाचणीची ताकातली पेज).

"ह्यो धाकल्याचा," त्या म्हणाल्या. "ह्यात वशाट (मांसमच्छी) नसतंय. त्येनं माळ घातलीती ना."

मी डोक्यावरची टोपी काढली.

"आमचा आजेसासरा थोरला. भांडान झालं तवा रागात म्हनला, माझ्या देवाचा वाटा नगं तर माझं घरबी नगं. वाटलं, पोरगं दोन दिसांनी येईल माघारी. न्हाई आलं. नानेघाटानं उतरून ग्येलं. त्या साली जत्रंला म्हाताऱ्यानं समद्यांच्या आधी ह्यो वाटा काढला. वरीसभर वाट बघितली, मंग मरस्तवर बघितली. मरताना लेकाला म्हनला, धाकल्याचं कोन आलं तर उपाशी जाता कामा नये. मी लगीन होऊन आले तवापून मीच काढतीया."

नानांचा प्रश्न मी देवाला विचारायचा होता. तो मी हौसाबाईंना विचारला. "म्हणजे... आम्हाला टाकलं नव्हतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोललो होतो. "येडा का काय तू? टाकल्याल्याचा वाटा काढत्यात व्हय रं?" आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. "खा. मी तुझी चुलती लागते."

मी तिथे कड्यावर बसून, लाज सोडून, ओक्साबोक्शी रडत ती भाकरी खाल्ली. आंबील आंबट होती, गूळ मातकट होता, आणि इतकं चांगलं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. मुग्धाने बजावलं होतं तसा मी पोचल्यावरच रडलो, पण आता तीच माझ्या आधी रडत होती. थोरल्याचा वाटा देवाचा नव्हता. भिवबा, तो कडक, न हसणारा माणूस, हाकलणाऱ्या भावासाठीच दरवर्षी वाटा काढत होता. इथला दगडावर आणि तिथला गाईपुढे, दोन्ही वाटे वर्षानुवर्षं तसेच राहत होते.

इतर माणसं गोळा झाली. सखाराम आता माझा भाऊ निघाला होता, आणि भाऊ म्हणूनच त्याने पहिला प्रश्न विचारला, "बोकडाचं काय करायचं?"

हौसाबाई म्हणाल्या, "धाकल्याच्या घरचा बोकड कापत्यात व्हय? सोडा देवाला." दावं सोडलं. बोकड जोत्यावर चढला आणि तिथे वाहिलेली फुलं खाऊ लागला.

मी त्यांना मुग्धाच्या लग्नाचं आणि पत्रिकेतल्या कोऱ्या ओळीचं सांगितलं. "पत्रिका कुठं हाय? देवाफुडं ठिवा," त्या मुग्धाला म्हणाल्या.

मुग्धाने मान खाली घातली. "आजी, ती बोकडानेच खाल्ली."

"आन् बोकड देवाला दिला," हौसाबाई म्हणाल्या. "मंग पोचली की!"

फोनला रेंज फक्त एका उंच दगडावर येत होती. मी वर चढून नानांना सगळं सांगितलं. मग नाना म्हणाले, "भाकरी कसली आहे?"

"नाचणीची."

"सगळी खाऊ नकोस. थोडी मला आण."

परतीच्या वाटेवर माळशेजच्या त्याच वळणावर आम्ही पुन्हा थांबलो. येताना मला वाटलं होतं, आपण एक नाव शोधायला चाललोय, पत्रिकेच्या वरच्या ओळीपुरतं. घर सोडून गेलेल्याचा इतिहास आपण शोधतो, पण घरात राहिलेल्यालाही वाट पाहण्याचा इतिहास असतो, हे मला या वयात कळलं. बडोद्याला पोचलो तेव्हा नाना दारात उभे होते. त्यांनी तो भाकरीचा वाळलेला तुकडा कपाळाला लावला आणि पाण्यात भिजवून खाल्ला. पुनवेचा कणकेचा बोकड त्यांनी आमच्या माघारी केला होता. थोरल्याचा वाटा या वर्षी गाईला गेला नव्हता. नानांनी तो स्टीलच्या डब्यात घालून, डबा कपाटात ठेवून, किल्ली जानव्याला अडकवावी तशी करगोट्याला अडकवली होती.

वैशाखात पत्रिकेवर 'श्री बिरोबा प्रसन्न' छापून आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी हौसाबाई आणि सखाराम बडोद्याला आले. आल्या आल्या सखारामने बातमी दिली, की आमच्या बोकडाचं नाव वस्तीवर 'बडोदेकर' पडलंय आणि तो आता कुणालाच जुमानत नाही. हौसाबाईंनी नानांना पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नाना खुर्चीतून काठी न घेता उठले. थोरल्या पातीची सून, वयाने लहान असली तरी मानाने मोठी. अठ्ठ्याऐंशी वर्षांत नानांना 'वहिनी' म्हणून हाक मारायला कुणी नव्हतं. त्यांनी डबा उघडला, दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणाले, "वहिनी, हा तुमचा वाटा. आमच्याकडे राहिला होता."

कणकेचा तो तुकडा महिन्याभरात दगडासारखा झाला होता, आणि हौसाबाईंच्या तोंडात दात नव्हते. त्यांनी समोरचा चहाचा कप जवळ ओढला, वाटा त्यात बुडवला, मऊ होईस्तोवर धरून ठेवला आणि सगळा, लवंगेच्या डोळ्यासकट, खाल्ला.